जनीचं 'म्हणे' आणि लोकांचं 'म्हणे'

गोपाळपूरला जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, हे खरंच जनाबाईचं जातं आहे का गं?"

मागे बायकांची रांग होती. कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या काखेत पोर. मी घाईत म्हटलं, "हो म्हण आणि फिरव." तिने एक वेढा दिला, नमस्कार केला, आम्ही बाहेर पडलो. पंढरपूरहून नाशिकची एसटी पकडली आणि नगरच्या पुढे कुठेतरी मला त्या उत्तराची टोचणी लागली. पोरगी अकरावीत आहे. इतिहास आवडतो तिला. तिने मनापासून विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं. घरी आल्यावर सार्वजनिक वाचनालयातून गाथा, म्हणजे अभंगांचा संग्रह, आणली, चार जुनी पुस्तकं काढली आणि तिला जे सांगायला हवं होतं ते इथे मांडायला बसले.

तिच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जनाबाई नावाची बाई होऊन गेली का? ती संत नामदेवांच्या घरी होती का? आणि हा समोरचा दगड तिच्या हातचा का? आपण तिन्हींना एकच उत्तर देतो. श्रद्धाळू माणूस तिन्हींना 'हो' म्हणतो, शंका घेणारा तिन्हींना 'नाही'. दोघांचंही चुकतं, कारण या तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे आहेत.

मराठीत यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे, 'म्हणे'. "ते जातं जनाबाईचं आहे म्हणे." या 'म्हणे'चा अर्थ असा, की मी पाहिलेलं नाही, लोक सांगतात, मी तुमच्यापर्यंत पोचवते आहे. आम्हा नाशिककरांची तर या शब्दावाचून गाडीच हलत नाही. पाहुणे आले की त्यांना पंचवटीत नेतो, सीतागुंफेच्या अरुंद पायऱ्या वाकून उतरायला लावतो आणि सांगतो, सीतामाई इथे राहिली होती म्हणे. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाला नाशिक म्हणतात म्हणे. हे सांगताना आपण खोटं बोलत नसतो, आणि इतिहासही सांगत नसतो. गावाने जपलेलं काही पुढच्याच्या हातात देत असतो.

पण याच शब्दाचा दुसरा, जुना अर्थ आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे'. इथे म्हणे म्हणजे म्हणतो, म्हणते. माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे. जनाबाईचे अभंगही असेच संपतात: 'म्हणे नामयाची जनी'. तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणजे हे दोन 'म्हणे' वेगळे करायचे. जनी स्वतः काय म्हणते आणि लोक तिच्याबद्दल काय म्हणतात.

आधी सगळ्यांना ठाऊक असलेली कथा थोडक्यात. जनाबाई गंगाखेडची. आजच्या परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. लहान असताना ती पंढरपूरला आली आणि दामाशेटी शिंप्यांच्या घरी राहिली. कुणी सांगतं, आई गेल्यावर बापाने आणून ठेवली. कुणी सांगतं, आईबापांबरोबर यात्रेला आली आणि विठ्ठलाला पाहिल्यावर परत जायलाच तयार होईना. दामाशेटींचा मुलगा म्हणजे नामदेव. त्यांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा धरतात. त्या घरात जनी दळण, कांडण, झाडलोट, पाणी करायची, आणि करता करता अभंग रचायची. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत.

गंगाखेड म्हटलं की मला आधी नदी दिसते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी आमच्या रामकुंडावरून, पुढे नांदूरमध्यमेश्वर, कोपरगाव, पैठण करत गंगाखेडला जाते. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजून "गोदावरीवर जाते" म्हणत नाहीत, "गंगेवर जाऊन येते" म्हणतात. तिकडे गावाच्या नावातच गंगा. भाचीला मी नकाशावर बोटाने नदी दाखवली तेव्हा ती म्हणाली, म्हणजे जनाबाई आपल्याच नदीची. हो, नदी तरी एकच, हे मात्र शंभर टक्के खरं.

आता पहिलं 'म्हणे'.

अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं, त्याला नाममुद्रा म्हणतात. छापखाने नव्हते तेव्हा कवितेवर नाव टिकवायची हीच युक्ती होती. वहीच्या वरच्या कोपऱ्यात नाव लिहिलं तर पान फाटलं की गेलं. पण नाव चालीत, यमकात बसवलं की गाणाऱ्याला ते गिळता येत नाही.

बहुतेक संत आपलं एकट्याचं नाव घालतात. मुक्ताई स्वतःचं नाव घालते. सतराव्या शतकातली संत बहिणाबाई 'बहिणी म्हणे' म्हणते. पण जनी 'नामयाची जनी', 'नामयाची दासी' असं म्हणते. चोखामेळ्यांची बायको सोयराबाई स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणते. म्हणजे या दोघींनी आपल्या मुद्रेला दुसऱ्या कवीचं नाव जोडून घेतलं. सोयराबाईचं नातं लग्नाचं होतं. जनीचं कसलं? रक्ताचं नाही, लग्नाचं नाही. घरकामाला ठेवलेली पोर ती. तरी कितीतरी अभंगांच्या तळाशी ती सांगते, मी नामयाची.

'दासी' या शब्दाचे इथे दोन पदर आहेत. एक साधा, घरकाम करणारी. दुसरा भक्तीतला. संत स्वतःला देवाचा दास म्हणवतात, दासांचा दास म्हणवतात, आणि त्यात मोठेपणा मानतात. नामदेव विठ्ठलाचे दास, जनी नामदेवांची दासी. जनीच्या तोंडी दोन्ही अर्थ एकदम येतात आणि कुठला कुठे संपतो हे सांगता येत नाही. मला वाटतं तिने ते मुद्दाम सोडवलेलं नाही. राजा स्वतःला दास म्हणतो तेव्हा ती नम्रता असते. खरोखरची मोलकरीण स्वतःला दासी म्हणते तेव्हा त्या शब्दाला शेणाचा आणि ओल्या राखेचा वास येतो. आईबाप गेल्याचंही ती तसंच आडपडदा न ठेवता सांगते: 'माय मेली बाप मेला, आता सांभाळी विठ्ठला.'

मग नाममुद्रा आहे म्हणून सगळे अभंग तिचेच का? इथे सावध व्हायला हवं.

नामदेव-जनाबाईंचे अभंग त्यांच्या हातच्या कागदावर आपल्याकडे आलेले नाहीत. ते कीर्तनातून आले. कीर्तनकार गात गेले, ऐकणाऱ्यांनी पाठ केले, कुणी आपल्या बाडात उतरवून घेतले. बाड म्हणजे कीर्तनकाराची वही. त्यात तो लागतील ते अभंग, आख्यानं, पदं टिपून ठेवायचा. आज ज्या जुन्या पोथ्या आणि बाडं हाती आहेत ती मूळ कवींनंतर कितीतरी पिढ्यांनी लिहिलेली. मधल्या काळात शब्द बदलले, चरण इकडचे तिकडे झाले, आणि एकाच नावाचे दोन कवीही एकत्र मिसळले. एकनाथांच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, विष्णुदास नामा नावाचा मोठा कवी होऊन गेला. तोही 'नामा'च. त्याच्या कित्येक रचना जुन्या नामदेवांच्या गाथेत जाऊन बसल्या आणि अभ्यासकांना त्या निवडत बसावं लागलं. जनीच्या बाबतीत असंच झालं असणार. एखाद्या कीर्तनकाराने प्रेमाने तिच्या मुद्रेत अभंग रचला असेल, एखाद्या दळणाऱ्या बाईने चार ओळी जोडल्या असतील. त्या काळी ही चोरी नव्हती. उलट आपलं बोलणं थोराच्या पायाशी ठेवायची ती रीत होती.

त्यामुळे गाथेतला अमुक एक अभंग घेऊन "हा जनीचाच" असं शपथेवर सांगता येत नाही. पण एवढं सांगता येतं, की ज्या नावात लोक आपल्या ओळी घालतात ते नाव आधी लोकांच्या तोंडी रुळलेलं असावं लागतं. आणि सगळ्या गाथेतून एक आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतो, स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूचा. 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी.' 'जनी बैसली न्हायाला, पाणी नाही विसणाला.' हे विसण आजच्या मुलांना सांगावं लागतं. कढत पाणी बेताचं करायला त्यात जे गार पाणी घालतात ते विसण. आंघोळीला बसली आणि विसणालाच पाणी नाही, उठून आणून देणारं माणूस घरात नाही. एवढ्याशा अडचणीवर अभंग रचावासा वाटणारा माणूस बहुधा स्वतः त्या अडचणीत बसलेला असतो. हा कोर्टात टिकणारा पुरावा नाही, पण मला तो पटतो.

'म्हणे नामयाची जनी' याचा एक तोटाही झाला. आपण तिला नामदेवांची पुरवणी करून टाकलं. छापील गाथांतही तिचे अभंग बहुधा नामदेवांच्या पाठीला येतात. महाराष्ट्र शासनाने १९७० साली काढलेल्या नामदेव गाथेतही ती नामदेवांच्या परिवाराबरोबर आहे. मोठ्या वाड्याच्या मागे नोकरांची खोली असावी तशी. गाथा उघडून बसले तेव्हा मात्र मला उलटंच दिसायला लागलं.

नामदेवांच्या घरात कोण कोण होतं, हे आपण कुणाच्या आधाराने सांगतो? जनीचा एक अभंग आहे, त्यात तिने सगळं घर मोजलंय. गोणाई आणि राजाई या सासू-सुना. दामा आणि नामा हे बापलेक. नारा, विठा, गोंदा, महादा हे नामदेवांचे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक निंबाबाई, बहीण आऊबाई. आणि सगळ्यांत शेवटी, 'वेडीपिशी दासी त्याची जनी'. रेशनकार्डावर लिहावीत तशी नावं लिहिली आहेत, एकेकाचं नातं सांगून. चौदा माणसं घरची आणि पंधरावी ती. ज्या घराने तिला ठेवून घेतलं, त्या घराच्या लेकीसुनांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, त्यात या अभंगाचा वाटा फार मोठा आहे. आपण म्हणतो जनी नामदेवांमुळे कळते. नामदेवांचं घर जनीमुळे कळतं, हेही तेवढंच खरं.

दुसरा एक अभंग तर मला या सगळ्या विषयाची किल्लीच वाटतो. कुणाचे अभंग कुणी लिहून घेतले याची त्यात यादी आहे. निवृत्तीनाथांचे बोल सोपानाने लिहिले, मुक्ताईची वचनं ज्ञानदेवांनी लिहिली, सावता माळ्यांचे काशिबा गुरवाने, चोखामेळ्यांचे अनंतभटाने. आणि जनीचे? जनीचा लेखक पांडुरंग! आता हा अभंगही तिच्या मुद्रेतला, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या शंका त्यालाही लागू. पण तो ज्या कुणी रचला त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: बाकीच्यांना लिहून घेणारा माणूस मिळाला, दळणाऱ्या बाईला नाही मिळाला. तिचा लेखनिक म्हणून देवालाच बसवावं लागलं.

इथे जरा जात्याजवळ बसू, कारण जातं कसं चालतं हे कळल्यावाचून जनीचे अभंग निम्मेच कळतात.

आमच्या आजीचं जातं निफाडकडच्या खेड्यातून आलेलं. खालचा दगड जागचा हलत नाही, वरचा फिरतो. मधे खीळ, वरच्या दगडाला एका कडेला लाकडी खुंटा. मधल्या तोंडातून मूठमूठ दाणे वैरायचे, पीठ कडेने सांडत राहतं. दाणे फार घातले की भरडा पडतो, कमी घातले की दगडावर दगड घासून पिठात कच येते. दळण जास्त असलं की दोघी जणी समोरासमोर बसतात. एकच खुंटा, त्यावर दोघींचे हात, एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. गाणंही तसंच. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. 'पहिली माझी ओवी' अशी सुरुवात करून देवाला, मग गुरूला, आईबापाला, भावाला एकेक ओवी वाहत जायची. पहाटेचं, माणसं झोपलेली असतानाचं काम. बायकांना मनातलं बोलायला दिवसभरात मिळणारी तेवढीच वेळ आणि ऐकणारी समोर बसलेली तेवढी एकच.

आता जनी बघा. पंधरा माणसांच्या घराचं दळण आणि समोर कुणी नाही. सासूला सून आहे, बहिणीला भाऊ आहे, दासीला जोडीदारीण नाही. खुंट्याची दुसरी बाजू मोकळी. जनीच्या अभंगांत आणि कथांत विठ्ठल येऊन दळायला बसतो तो बरोबर त्या जागी. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. माझं वाचन असं, की ती रिकामी जागा आधी होती. तिने देवाला गाभाऱ्यातून उठवून त्या जागी बसवलं आणि कामाला लावलं. 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता' ही ओळ आपण फार गोड करून म्हणतो. दळून दंड भरून येतात. ज्याने तासभर खुंटा ओढलाय त्याला त्या ओळीतला दम ऐकू येतो.

म्हणूनच विद्वानांनी जनीला उचलण्याच्या कितीतरी आधी बायकांनी उचललं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत जनाबाई पाहुणी म्हणून येत नाही, शेजारीण म्हणून येते. बायका तिला 'जनी' म्हणतात, 'अगं' म्हणतात. मीही या लेखात तिला 'त्या' म्हटलेलं नाही, ते याच कारणाने. ज्ञानदेवांना माउली म्हणायचं आणि जनीला अगं म्हणायचं, हीच वारीतली रीत आहे आणि त्यात अनादर नाही.

आता दुसरं 'म्हणे', लोकांचं.

जनीच्या ज्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या त्यातल्या बऱ्याच महिपतींनी 'भक्तविजय' या संतचरित्रांच्या ग्रंथात सांगितलेल्या आहेत. महिपती ताहाराबादचे, राहुरीजवळचे. त्यांनी 'भक्तविजय' १७६२ साली पुरा केला. नामदेवांचं निधन १३५० धरलं तर मधे चारशे बारा वर्षं गेली. आज कुणी १६१० च्या आसपासच्या माणसाची गोष्ट सांगायला बसावं एवढं हे अंतर. महिपतींनी काही मनाने रचलं असं नाही, त्यांच्यापुढे जुनी चरित्रं होती, कीर्तनाची परंपरा होती. पण त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचेपर्यंत ती किती तोंडांतून गेली असेल याचा अंदाज या आकड्यावरून यावा.

पदकाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. विठ्ठल रात्री जनीकडे आला, पहाटे घाईत जाताना आपला शेला आणि पदक तिथेच राहिलं आणि तिची वाकळ पांघरून देव राउळात उभा राहिला. बडव्यांनी, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यांनी, जनीवर चोरीचा आळ घेतला. चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ रोवला. आणि त्या सुळाचं पाणी झालं. असं घडलं का, हा प्रश्न इतिहासाला विचारून उत्तर मिळणार नाही. पण गोष्टीतला सूळ बाजूला ठेवा आणि आळ बघा. घरात वस्तू हरवली की पहिला संशय कुणावर जातो? मोलकरणीवर. नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत आज विचारा. ही गोष्ट इतकी वर्षं टिकली त्याला सुळाचा चमत्कार जेवढा कारण आहे तेवढाच हा आळही असेल. ऐकणाऱ्या कितीतरी बायकांनी तो स्वतः सोसला होता.

कबीराची गोष्ट याहून सोपी, कारण तिथे तारखा मदतीला येतात. कबीर जनीला भेटायला काशीहून आले म्हणे. पाहतात तर दोन बायका गोवऱ्यांवरून भांडताहेत, या माझ्या, त्या तुझ्या. त्यातली एक जनी. कबीर म्हणाले, गोवऱ्या सारख्याच दिसतात, ओळखायच्या कशा? जनी म्हणाली, कानाला लावा, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. सुंदर गोष्ट आहे. पण कबीर पंधराव्या शतकातले आणि जनी चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची. ही भेट झालेली असू शकत नाही. इथे 'कदाचित' म्हणायलाही जागा नाही, सरळ 'नाही' म्हणायचं.

भाची म्हणाली, मग ही गोष्ट खोटी. मी तिला म्हटलं, भेट खोटी, पण गोष्ट कशासाठी रचली ते बघ. सगळ्या हिंदुस्थानात ज्याचं नाव झालेलं होतं तो कबीर पंढरपूरच्या एका मोलकरणीला भेटायला आला, असं मराठी माणसाला सांगावंसं वाटलं. आणि तिची खूण म्हणून त्याला काय सापडलं? मुकुट नाही, पोथी नाही, शेणाची गोवरी. या गोष्टीतून जनीचं चरित्र कळत नाही. तिच्यानंतर लोकांच्या मनात ती किती मोठी झाली होती एवढं मात्र नेमकं कळतं. तोही पुरावाच, फक्त वेगळ्या प्रश्नाचा.

राहता राहिला दगड.

गोपाळपूर पंढरपूरला लागूनच आहे. टेकडीवर गोपाळकृष्णाचं देऊळ. आषाढी पौर्णिमेला सगळ्या पालख्या काल्यासाठी तिथे जातात, मगच परतीला लागतात. आमच्या त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तीनाथांची पालखीसुद्धा. तिथेच जनाबाईचं जातं आणि तिच्या संसाराच्या वस्तू म्हणून दाखवतात. वारकरी बाई तिथे गेली आणि एक वेढा न देता परतली असं सहसा होत नाही.

दगडाचं वय काढता येतं, पण ते खडकाचं वय. आपल्याकडचा काळा दगड लाव्हारसाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. तो जात्यासाठी कधी घडवला हे त्या वयावरून कळत नाही. घडण पाहून अंदाज करावा तर जात्याची घडण शतकानुशतकं फारशी बदललेली नाही. आणि वापरातलं जातं झिजतं. पूर्वी दारावरून "जात्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत माणसं जायची. छिन्नीने दगडाला पुन्हा खडबडीत करायचं, त्याला टाकी लावणं म्हणतात. दर टाकीला दगड थोडा पातळ होतो आणि कधीतरी बदलावा लागतो. हजारो हात लागणारं जातं साडेसहाशे-सातशे वर्षं तेच राहिलं असेल हे मला अवघड वाटतं. जागा तीच राहून दगड बदलला असणं जास्त शक्य आहे. हे कुठल्या ताम्रपटात लिहिलेलं नाही, दगड कसा झिजतो एवढ्यावरून मी हे म्हणते आहे.

खुद्द नामदेवांच्या बाबतीतही स्थळांचा प्रश्न सुटलेला नाही. महाराष्ट्राची परंपरा सांगते, त्यांनी पंढरपूरला महाद्वारातल्या पायरीशी सहकुटुंब समाधी घेतली आणि त्यात जनीही होती. ती नामदेव पायरी आपण ओलांडून जातो, तिच्यावर पाय देत नाही. पंजाबची परंपरा सांगते, त्यांनी घुमान गावी देह ठेवला. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, म्हणजे पंजाबचं प्रेमही उसनं नाही. एवढ्या प्रसिद्ध कवीचे दोन शेवट सांगितले जातात, तिथे एका दासीच्या जात्याचा दाखला कुठून मिळायचा?

तरी एक गोष्ट त्या दगडापाशी उभं राहून कळली ती घरी पुस्तकात कळली नसती. नामदेवांची आठवण लोकांनी पायरीत ठेवली. तिला नमस्कार करायचा असतो. जनीची आठवण जात्यात ठेवली. ते फिरवावं लागतं. नुसतं डोकं टेकून चालत नाही, खुंटा धरून ओढावं लागतं, तेव्हा दर्शन पुरं होतं.

हे सगळं मी भाचीला एका रविवारी दुपारी सांगितलं. तिने वहीत तीन ओळी लिहिल्या. बाई होती का: बहुतेक हो. नामदेवांच्या घरी होती का: तिची मुद्रा तेच सांगते, आणि त्याच्या उलट सांगणारं मावशीला काही सापडलं नाही. जातं तिचं का: दाखवता येत नाही. मग तिने वही मिटली आणि पार्किंगमध्ये जिन्याखाली पडलेलं आजीचं जातं आठवलं तिला. आम्ही ते धुऊन घेतलं, खुंटा ठोकून घट्ट केला, घरात एक वाटीभर ज्वारी होती ती आणली. ती एकटीच बसली. आठ-दहा वेढ्यांत तिचा हात भरून आला. मी समोर बसले आणि तिच्या हाताच्या वर खुंट्यावर हात ठेवला. मग जातं चाललं. पीठ मात्र जाडंभरडंच निघालं. टाकी लावून घ्यायला हवी, पण नाशिकात आता ते काम करणारं कोण सापडतं ते पाहायचं आहे.